इतिहास कोण शिकवणार?

गोव्यात इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावरून वाद पेटायला आता फारसं निमित्तही लागत नाही. जानेवारीत १६ तारखेला, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या जनमत कौलाची आठवण निघते. फेब्रुवारीत शिवजयंती आली की महाराजांची सत्ता गोव्यात होती की नव्हती यावर जुंपते. डिसेंबरात आधी जुन्या गोव्याचं फेस्त (चर्चचा उत्सव) येतं आणि मागोमाग पोर्तुगीज राजवट संपल्याचा मुक्तिदिन. दर वेळी भांडणाचा शेवट एकाच मागणीवर होतो: हे पुस्तकात घाला, ते पुस्तकातून काढा. पोर्तुगीजांविरुद्धच्या कुंकळ्ळीच्या उठावाला किती पानं, इन्क्विझिशनला (चर्चच्या धर्मन्यायालयाला) किती, सत्तरीच्या राणे घराण्याच्या बंडांना किती, असा हिशेब मांडला जातो. ही पानं वर्गात उघडून जो शिकवणार, तो स्वतः इतिहास कुठे, किती आणि कसा शिकला आहे, हे मात्र कुणीच विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. गोव्याला नव्या पुस्तकाची जितकी गरज आहे, त्याहून कितीतरी अधिक गरज इतिहासाची शिस्त अंगी मुरलेल्या शिक्षकाची आहे; आणि असा शिक्षक घडवण्याच्या आपल्या दोन्ही जागा, विद्यापीठातला इतिहासाचा वर्ग आणि बी.एड.चं अध्यापक महाविद्यालय, एकमेकींकडे पाठ फिरवून बसल्या आहेत.

पुस्तक क्षुल्लक आहे असं मुळीच नाही. जे पुस्तकात नाही ते परीक्षेत येत नाही आणि जे परीक्षेत येत नाही ते बहुतेक वर्गांत शिकवलंच जात नाही, हे पुस्तकासाठी भांडणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. शिक्षक बदलीवर जातो, निवृत्त होतो. पुस्तक मात्र पेडण्यापासून काणकोणपर्यंत प्रत्येक दप्तरात तेच असतं. आपला गाव, आपली माणसं छापील पानावर दिसली नाहीत याचं दुःखही खोटं नव्हे. गोव्यात तर एकाच घरातल्या तीन पिढ्यांना तीन वेगळे इतिहास मिळालेले आहेत. आजोबा लिसेवमध्ये (पोर्तुगीज माध्यमिक शाळेत) शिकले, त्यांना पोर्तुगालच्या राजांची नामावळी पाठ होती. वडील मुक्तीनंतरच्या मराठी शाळेत शिकले, त्यांच्या पुस्तकात शिवराय होते, पेशवे होते, टिळक होते, पण स्वतःचा तालुका शोधावा लागायचा. १९७५ साली गोव्याचं स्वतःचं शालान्त मंडळ झालं, आणि आज नातीच्या हातात दिल्लीत आखलेल्या चौकटीवर बेतलेलं पुस्तक आहे. तीन पिढ्यांत पुस्तक तीनदा बदललं. शिकवण्याची रीत किती बदलली? आजोबांनी पाठ केलं, वडिलांनी पाठ केलं, नातही पाठच करते. नुसत्या पुस्तकाने काम होणार असतं तर एव्हाना झालं नसतं का?

शिवाजी महाराजांवरून चाललेल्या वादाचंच घ्या. डिचोली तालुक्यात नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. मूळ देवस्थान नदीपलीकडे दिवाडी बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं आणि देव अलीकडे आणला गेला. नार्व्याच्या देवळावर एक छोटा संस्कृत शिलालेख आहे. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार. शिवराजांनी देवालयाचा प्रारंभ केला, एवढाच त्याचा आशय. म्हणजे इसवी सन १६६८. आता नववीचा वर्ग या शिळेसमोर उभा करा आणि मुलांना विचारा: हा दगड काय सांगतो? नार्व्यात त्या वर्षी कुणाचा शब्द चालत होता, हे सांगतो. नदीच्या पलीकडच्या काठावर कुणाचा चालत होता, याबद्दल गप्प आहे. मग पुढचा प्रश्न: देऊळ याच काठावर का बांधलं, पलीकडे मूळ जागी का नाही? एका प्रश्नातून सतराव्या शतकातली सरहद्द मुलांच्या डोळ्यांसमोर उभी राहते, आणि ती सरहद्द म्हणजे त्यांच्यातली कितीतरी जणं रोज फेरीबोटीतून ओलांडतात ती नदी. त्याच्या आदल्या वर्षी, १६६७ साली, महाराजांची बार्देशवर स्वारी झाली. १६७५ साली त्यांनी फोंड्याचा किल्ला घेतला. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिले. आजच्या नकाशातला बाकीचा गोवा पोर्तुगीजांच्या हाती लागला तो बराच नंतर, अठराव्या शतकात. पेडणे तर १७८८ साली. आजचा नकाशा तेव्हाच्या मुलखावर ठेवून ‘गोव्यात सत्ता होती की नव्हती’ असं विचारलं तर दोन्ही बाजू आपापल्या परीने अर्ध्या बरोबर निघतात, म्हणून तर भांडण संपत नाही. दहावीच्या मुलाला हे समजतं. ते समजावून देणारा माणूस मात्र हवा, आणि तो पुस्तकाच्या पानावर छापता येत नाही.

असा माणूस घडतो कुठे? विद्यापीठात घडावा अशी अपेक्षा. आपल्याकडे इतिहास शिकण्यासारखी जागा देशात थोडी सापडेल. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा थेट १५९५ सालापर्यंत जाते, दियोगु द कोउतु त्याचे पहिले अभिलेखपाल. तिथे लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार आहे, गावकऱ्यांची दफ्तरं आहेत, मोडीतले कागद आहेत. ताळगावच्या पठारावरच्या विद्यापीठातून तिथे जायला काही किलोमीटरसुद्धा जड नाहीत. तरीही इतिहासात एम.ए. करून बाहेर पडणाऱ्या कितीतरी मुलामुलींनी एकही मूळ कागद उलगडून पाहिलेला नसतो. इतिहासलेखनशास्त्राची प्रश्नोत्तरं त्यांना येतात. जर्मन इतिहासकार रांकेची मतं सांगतात, मार्क्सवादी दृष्टिकोनावर टीप लिहितात. पण पोर्तुगीज वाचता येत नाही आणि मोडीही नाही, म्हणजे ज्या दोन वाटांनी गोव्याचा भूतकाळ आपल्यापर्यंत पोचला त्या दोन्ही बंद. पिसुर्ल्याच्या मातीतले पांडुरंग पिसुर्लेकर याच दफ्तरखान्याचे प्रमुख झाले आणि पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास त्यांनी बाहेर काढला, कारण दोन्ही भाषांत त्यांचा पाय घट्ट होता. त्यांच्यानंतर ती वाट रुंद व्हायला हवी होती.

मग हीच मुलं बी.एड.ला येतात. बरीचशी ‘काही नाही तर बी.एड.’ म्हणत येतात, आणि त्यात त्यांचा दोष थोडा. घरातून, शेजारातून, ‘इतिहास घेऊन पुढे काय?’ हा प्रश्न त्यांनी बारावीपासून झेललेला असतो, आणि एम.ए. झालेले थोरले भाऊ-बहीण लेक्चर बेसिसवर वर्षानुवर्षं कसे काढतात तेही पाहिलेलं असतं. २०१५ पासून हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता तो दोन वर्षांचा झाला, आणि त्यातले किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालवायचे असतात. वेळ पुरेसा आहे. तो कशात जातो?

सत्तरीतल्या एका शाळेत पाहिलेला सराव पाठ सांगतो. आठवीचा वर्ग, विषय राण्यांची बंडं. छात्राध्यापिकेचं पाठ टाचण निर्दोष होतं: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ, सगळं रकान्यांत नीट बसवलेलं. चार्टपेपरवर स्केचपेनने नाणूसचा किल्ला काढलेला, खाली १८५२ दीपाजी राणे, १८९५ दादा राणे. ‘बंडाची कारणं’ फळ्यावर उतरत असताना मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला. “टीचर, आमच्या पणज्याच्या बापाला ह्या बंडानंतर धरून नेला होता. घरात त्याचा कागद आहे.” ती क्षणभर थांबली, वर्गाच्या मागे बसलेल्या निरीक्षकाकडे तिने पाहिलं आणि म्हणाली, “छान, बस. आता पुढचं कारण लिहून घ्या.” मी तिला दोष देणार नाही. निरीक्षणाच्या तक्त्यात फलकलेखनाला गुण होते, आवाजातल्या चढउताराला होते, शैक्षणिक साधनाच्या वापराला होते. एका मुलाच्या घरातल्या कागदाला तिथे रकाना नव्हता. १८९५ चं बंड पेटलं ते शिपायांनी मोझांबिकला जायला नकार दिला तेव्हा, आणि मग राणे त्यात उतरले, एवढं पक्कं ठाऊक असतं तर तिने त्याला विचारलं असतं: तुझा तो पूर्वज शिपाई होता की राण्यांच्या बाजूचा गावकरी? कागद कुठल्या लिपीत आहे? खाली सही कुणाची? एवढ्या तीन प्रश्नांत अख्ख्या वर्गाला इतिहास कशाला म्हणतात ते कळलं असतं. चार्टपेपरवरचा किल्ला हे ‘साधन’ मानलं गेलं आणि खरं साधन ‘छान, बस’ म्हणून खाली बसवलं गेलं.

यावर जाणती माणसं जे आक्षेप घेतात त्यांत दम आहे. गोव्याने देशाला दिलेला सर्वांत मोठा इतिहासकार म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवतो ते दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. त्यांच्याकडे इतिहासाची पदवी कुठे होती? मग शिक्षकाकडेच ती का मागायची? आक्षेप बिनतोड वाटतो. पण कोसंबींनी केलं काय? जुनी आहत (ठसे मारलेली) नाणी हजारोंनी तोलली, वजनं संख्याशास्त्राला जुंपली; डोंगरवाटा पायी तुडवल्या, लोकदेवतांच्या ठाण्यांवर बसून माणसांना विचारलं; गोव्यातल्या गावकरीवर, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या व्यवस्थेवर, लिहिताना जमीन कशी वाटली जाते हे मुळापासून पाहिलं. पुराव्यापुढे कसं बसायचं याचं शिक्षण त्यांनी स्वतःला जितकं दिलं तितकं एखादं खातं क्वचितच देतं. पदवीच्या कागदाचा हट्ट मला नाही. त्या सवयीचा आहे. आणि शेकडो शाळा चालवणाऱ्या राज्याला आपली व्यवस्था प्रत्येक पिढीत एक कोसंबी निपजेल या भरवशावर सोडता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. आमच्या शाळा लहान, पटसंख्या घसरलेली. एकच शिक्षक इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवतो, तर इतिहासाचा खास शिक्षक कुठून आणायचा? शिवाय आता धोरणच विषय एकत्र करण्याचं आहे. एनसीईआरटीने २०२४ पासून सहावीला सामाजिक शास्त्रांचं एकच पुस्तक दिलं, त्यात इतिहास-भूगोल वेगळे उरलेच नाहीत. मुलाचं जग विषयांच्या कप्प्यांत विभागलेलं नसतं, हा विचार मला पटतो. पण एकत्रित शिकवणं म्हणजे थोडं थोडं सगळं, असा अर्थ घेतला की घात होतो. गोव्यातली खाण घ्या. लोहखनिज कुठल्या तालुक्यात सापडतं हा भूगोल, बार्ज कुठे जातात हे अर्थशास्त्र, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ८८ खाण-लीजांचं नूतनीकरण रद्द केलं हे नागरिकशास्त्र. पण त्या लीज आल्या कुठून? पोर्तुगीज राजवटीने दिलेली कन्सेशनं (खाणींचे हक्क) १९८७ च्या कायद्याने लीज झाली, हा धागा हाती नसेल तर वरच्या तीनही गोष्टी सुट्या पडतात. डिचोलीतल्या मुलाला आपल्या गावची तळी का आटली आणि वडिलांचा ट्रक अंगणात का उभा राहिला, हे समजायचं तर शिक्षकाला हा भूतकाळ नेमका माहीत असावा लागतो. विषय एकत्र करणाऱ्याला प्रत्येक विषय कमी नव्हे, जास्त यावा लागतो. लहान शाळांची अडचण खरी आहे, पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा-संकुलांची आणि त्यांच्यात शिक्षक वाटून घेण्याची तरतूद आहे. संगीताचा किंवा खेळाचा शिक्षक चार शाळांत फिरू शकतो, तर इतिहासाचा का नाही?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. शिक्षकाच्या हाती जास्त सूत्रं दिली तर तो आपल्या जातीचा, आपल्या धर्माचा, आपल्या पक्षाचा इतिहास शिकवणार नाही कशावरून? पुस्तक निदान सगळ्यांच्या नजरेसमोर असतं, तपासता येतं. बंद दाराआडच्या चाळीस मिनिटांत शिक्षक काय बोलला ते कोण तपासणार? गोव्यासारख्या ठिकाणी, जिथे एकाच बाकावर देवळात जाणारा आणि इगर्जीत (चर्चमध्ये) जाणारा मुलगा शेजारी बसतो, तिथे ही भीती मला पूर्ण मान्य आहे. पण आज तो शिक्षक काय करतो? पुस्तक मिटतो आणि ‘हे पुस्तकात नाही, पण खरं सांगू का’ म्हणत घरी ऐकलेलंच सांगतो. त्याच्या मनातला ग्रह पुस्तकाने पुसला जात नाही. पुरावा वाचायला शिकलेल्या शिक्षकाच्या मनातही ग्रह असतातच, फरक एवढाच की त्याने आपलं विधान मुलांसमोरच्या कागदाला बांधून घेतलेलं असतं. मुलं त्याला त्याच कागदाने खोडू शकतात.

याची कसोटी म्हणून मी जनमत कौलाचा पाठ घेईन, कारण तो आम्हा मराठी माणसांना आजही सलतो. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर ‘फूल’, केंद्रशासित राहायचं तर ‘दोन पानं’. फुलाला १,३८,१७०, दोन पानांना १,७२,१९१; अंतर ३४,०२१. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. माझ्यासारख्या घरांत हा दिवस हरल्याचा म्हणून सांगितला गेला, पलीकडच्या वाड्यावर जिंकल्याचा म्हणून. वर्गात दोन्ही घरची मुलं असतात. शिक्षकाने कुठलं सांगावं? त्याने फळ्यावर हे आकडे लिहावेत आणि खाली आणखी एक ओळ जोडावी: त्याच वर्षी मार्चमध्ये निवडणूक झाली आणि विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षालाच पुन्हा बहुमत मिळालं, बांदोडकर परत मुख्यमंत्री झाले. मग मुलांना विचारावं, जानेवारीत ‘नको’ म्हणणाऱ्या मतदारांनी मार्चमध्ये त्यांनाच कसं निवडलं? कुळांचा प्रश्न, गावोगावच्या शाळा, भाटकारांची (जमीनदारांची) भीती, भाषेची ओढ, गोव्याचं वेगळेपण, एकेक उत्तर मुलं घरून विचारून आणतील आणि ती एकमेकांशी जुळणार नाहीत. न जुळणारी उत्तरं समोर ठेवून त्यांतलं कुठलं किती खरं हे शोधायला लागणं, इथून इतिहास सुरू होतो. हा पाठ ‘विजयगाथा’ म्हणून शिकवणारा आणि ‘घात’ म्हणून शिकवणारा, दोघेही मुलांना त्या उंबरठ्यावरच अडवतात.

फर्मान काढून मनं घडत नाहीत हे तर या भूमीइतकं कुणाला ठाऊक असणार? १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. हुकूम कागदावर राहिला, कोकणी घराघरांत राहिली. उलट मुक्तीनंतर बांदोडकरांनी काय केलं? आदर्श पुस्तक तयार होईपर्यंत ते थांबले नाहीत. देवळाच्या अग्रशाळेत, कुणाच्या पडवीत, जागा मिळेल तिथे वर्ग भरवला आणि आधी मास्तर पोचवला. त्या मास्तरांतले कितीतरी घाटावरून, कोकणातून आले, गावात बिऱ्हाड करून राहिले. गोव्यातल्या बहुजन घरांत अक्षर शिरलं ते त्यांच्या पायांनी.

भाषेचा एक गुंता राहतोच आणि पुस्तकाच्या भांडणात त्याचा उल्लेखही येत नाही. सरकारी प्राथमिक शाळेत मूल चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतं आणि पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजीत. इतिहासाला याचा फटका गणितापेक्षा जास्त बसतो, कारण इतिहास म्हणजे सगळा शब्दांचा व्यवहार. आजी जी गोष्ट कोकणीत किंवा मराठीत सांगते आणि जे पान इंग्रजीत छापलंय, ते एकाच गावाबद्दल आहे हे मुलाला ओळखूच येत नाही. या दोहोंमध्ये पूल बांधणारा शिक्षक दोन्ही तीरांवर हिंडलेला हवा. बी.एड.मध्ये मात्र पद्धतीचा सगळा अभ्यास इंग्रजीतून होतो आणि मुलाच्या घरच्या भाषेतून एखादी आठवण कशी काढून घ्यायची, कशी पडताळायची, याचा सराव कुणी करून घेत नाही.

म्हणून मागण्या करायच्याच असतील तर त्या अशा कराव्यात. इतिहासाच्या एम.ए.ला पोर्तुगीज वाचन किंवा मोडी, यांतलं एक तरी सक्तीचं असावं, आणि प्रत्येकाने एका गावावर मूळ कागदांच्या आधारे काम करून दाखवावं. बी.एड.च्या २० आठवड्यांतले दोन छात्राध्यापकाने शाळेच्या परिसरातली साधनं गोळा करण्यात घालवावेत: शिलालेख, वीरगळ, इगर्जीतली नोंदवही, कोमुनिदादीचे (गावकरीच्या संस्थेचे) कागद, म्हाताऱ्यांच्या आठवणी, आणि त्यातूनच दोन पाठ घ्यावेत. निरीक्षणाच्या तक्त्यात विद्यार्थ्याने आणलेल्या पुराव्याचा उपयोग कसा केला याला गुण ठेवावेत, आणि त्यासाठी फलकलेखनाचे थोडे कमी करावे लागले तरी चालतील. शालान्त परीक्षेत निदान एक प्रश्न असा असावा की ज्यात अनोळखी उतारा देऊन तो कुणी, कधी, कशासाठी लिहिला असेल हे विचारलं जाईल. परीक्षेत आलं की वर्गात येतंच, हे तर पुस्तकवाल्यांनीच आपल्याला शिकवलं आहे. आणि नववी-दहावीला इतिहास शिकवणाऱ्याने पदवीला इतिहास घेतलेला असावा. शिक्षकभरतीच्या पुढच्या जाहिरातीत ही एक ओळ घालण्यासाठी नवं पाठ्यपुस्तक छापून येईपर्यंत थांबायचं काहीच कारण नाही.